फिरत्या त्रिकोणाचा धनी : फेलिक्स वांकेल

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये इंजिनाच्या खोलीलगतची जागा वाट्याला आली, तर पाऊण-एक तासाच्या प्रवासात बाकाची थरथर हाडांपर्यंत पोहोचते. अलिबागचा नेहमीचा प्रवासी म्हणूनच वरचा मजला गाठतो. ही थरथर इंजिन जुने झाल्याची खूण असतेच असे नाही. पिस्टन, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या, नळकांड्यात वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा लोखंडाचा एक गोळा असा धावायचा आणि अडवायचा, तर हादरे बसणारच. वाफेच्या इंजिनापासून चालत आलेली ही धावाधाव बहुतेक अभियंत्यांनी निसर्गनियमासारखी स्वीकारली होती. दक्षिण जर्मनीतल्या एका तरुणाला मात्र ती असह्य झाली. चाक फिरवायचे असेल तर शक्तीही फिरतच का येऊ नये, या एका प्रश्नामागे त्याने आयुष्य घातले. फेलिक्स वांकेल हे त्याचे नाव. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे नव्हती, आणि अधू दृष्टीमुळे मोटार चालवण्याचा परवानाही त्याने कधी घेतला नाही.

त्याचा जन्म 13 ऑगस्ट 1902 रोजी ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला असलेल्या लार या गावी झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि 1914 सालीच ते रणांगणावर मारले गेले. आई आणि एकुलता एक मुलगा हायडेलबर्गला आले. युद्धानंतरच्या चलनवाढीने मध्यमवर्गाची शिल्लक धुऊन नेली, त्यात या मायलेकरांचेही बरेच गेले. 1921 मध्ये फेलिक्सने शालान्त परीक्षा न देताच शाळा सोडली आणि हायडेलबर्गच्या एका शास्त्रीय ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेत उमेदवारी धरली. दिवसा पुस्तकांची कामे आणि संध्याकाळी यंत्रशास्त्राचे स्वाध्ययन असा त्याचा क्रम होता. 1924 मध्ये त्याने हायडेलबर्गमध्ये स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली आणि 1929 मध्ये फिरत्या इंजिनाच्या कल्पनेवर पहिले पेटंट मिळवले.

इथपर्यंतची कथा कोणत्याही शोधकाच्या चरित्रात शोभेल अशी आहे. मराठीत वांकेलवर जे थोडेफार लिहिले जाते, ते येथूनच एकदम 1957 सालावर उडी मारते. मधली वर्षे गाळणे सोयीचे असले तरी ते प्रामाणिक नव्हे. वांकेल विशीत असतानाच हिटलरच्या पक्षात ओढला गेला होता. तरुण मुलांच्या निमलष्करी संघटना उभारण्यात तो रमला आणि बाडेन प्रांतात पक्षाच्या युवक शाखेचे काम त्याने पाहिले. पुढे प्रांताचा पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर याच्याशी त्याचे हाडवैर झाले. 1932 मध्ये त्याला पक्षातून काढण्यात आले, आणि 1933 मध्ये नाझी सत्तेवर येताच वाग्नरने त्याला लारच्या तुरुंगात टाकले. हिटलरचा अर्थविषयक सल्लागार विल्हेल्म केप्लर याने रदबदली केली तेव्हा काही महिन्यांनी त्याची सुटका झाली. ज्या राजवटीने कोंडले, तिच्याच आश्रयाला तो नंतर गेला. 1936 मध्ये हवाई मंत्रालयाच्या पैशावर बोडन सरोवराकाठी लिंडाऊ येथे त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. 1940 मध्ये तो एसएस या संघटनेत मोठ्या हुद्द्यावर दाखल झाला आणि 1942 मध्ये तेथूनही बाहेर काढला गेला. तो मतभेदांमुळे दूर सारला गेला, विरोधामुळे नव्हे, हा फरक लक्षात ठेवावा लागतो. त्याच्या प्रयोगांचे पैसे कोठून आले आणि ती इंजिने कोणत्या विमानांसाठी होती, हे विसरून त्याच्या बुद्धीचे कौतुक करता येत नाही.

लिंडाऊच्या त्या वर्षांत त्याच्या हाती एक विद्या मात्र लागली, आणि पुढचे सगळे तिच्यावरच उभे राहिले. ती होती सील बसवण्याची, म्हणजे दोन सरकत्या धातूंमधल्या फटीतून दाबाखालचा वायू निसटू न देण्याची. विमानांच्या इंजिनांसाठी फिरत्या झडपा बनवताना त्याला उमगले, की झिरपणाऱ्या वायूचाच दाब वापरून सीलची पट्टी भिंतीवर घट्ट रेलवता येते. फिरते इंजिन बनवण्याचे प्रयत्न त्याच्या आधीही अनेकांनी केले होते आणि ते सगळे गळतीपाशी येऊन थांबले होते. इतरांनी आकार आधी शोधला आणि गळती नंतर पाहिली. वांकेलने गळती आधी बंद करून मग आकाराकडे वळायचे ठरवले. 1945 मध्ये फ्रेंच फौजांनी लिंडाऊची प्रयोगशाळा मोडून साहित्य नेले आणि त्याला कैदेत टाकले. सुटका झाल्यावरही काही काळ संशोधनावर बंदी होती. 1951 च्या सुमारास राहत्या घरातच त्याने पुन्हा कामाला सुरुवात केली आणि मोटारसायकली बनवणाऱ्या एनएसयू या कंपनीशी त्याचा संबंध जुळला. त्याच्या फिरत्या हवापंपाच्या जोरावर 1956 मध्ये अमेरिकेतल्या मिठागरावर एनएसयूच्या अवघ्या 50 सीसीच्या दुचाकीने ताशी 190 किलोमीटरहून अधिक वेग गाठला, तेव्हा कंपनीचा त्याच्यावर विश्वास बसला.

1 फेब्रुवारी 1957 रोजी पहिले वांकेल इंजिन स्वतःच्या बळावर धडधडले. खरे तर धडधडले हा शब्दच चुकीचा आहे, कारण त्याची ख्याती शिवणयंत्रासारख्या गुणगुणीची होती. या पहिल्या नमुन्यात आतला त्रिकोण आणि बाहेरचे कवच असे दोन्ही फिरत. समतोल उत्तम आणि वेग अफाट होता, पण ठिणगी देणारे प्लग आतल्या फिरत्या भागात असल्याने ते बदलायचे म्हणजे सारे इंजिन उलगडावे लागे. एनएसयूचा अभियंता हान्स-डीटर पाश्के याने वांकेलच्या पश्चात कवच स्थिर केले आणि त्रिकोणाला त्यात डोलत फिरायला लावले. आज जगात वांकेल इंजिन म्हणून जे ओळखले जाते, ते पाश्केचे हे रूप आहे. शर्यतीच्या घोड्याला टांग्याला जुंपल्याची खंत वांकेल बोलून दाखवी. व्यवहारात मात्र टांग्याचाच घोडा चालला.

आकार समजून घ्यायचा तर दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणावी. इंजिनाची पोकळी तशी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण, म्हणजे रोटर, असा फिरतो की त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला टेकलेली राहतात. त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला आणि भिंतीमध्ये एक पोकळी तयार होते. ती फिरता फिरता मोठी होते तेव्हा इंधन आणि हवा आत ओढते, लहान होते तेव्हा त्यांना दाबते, ठिणगीनंतर पुन्हा फुगते आणि शेवटी धूर बाहेर ढकलते. रोटर एकदा फिरला की मधला दांडा तीनदा फिरतो. झडपा नाहीत, दांड्यांची गुंतागुंत नाही, वजन कमी आणि हादरे नाममात्र. विमान बांधणाऱ्याला यापेक्षा वेगळे काय हवे असते? राइट बंधूंच्या कंपनीचा वारसा सांगणाऱ्या कर्टिस-राइट या अमेरिकी कंपनीने 1958 मध्येच त्याचा परवाना घेतला, यात नवल नाही. तोवर त्या इंजिनावर एक मोटारही विक्रीला आलेली नव्हती.

येथे एक गोंधळ दूर करायला हवा. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणत, पण तो प्रकार निराळा. त्यात दांडा स्थिर असे आणि नळकांड्यांचे सारे चक्र पंख्याबरोबर गरगरा फिरे. ते वाऱ्यानेच थंड होई. त्याला वंगण लागे ते एरंडेलाचे, कारण पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नाही. जळके एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडे आणि पोटावर जो परिणाम व्हायचा तो होई. आजीच्या फडताळातल्या औषधाने युरोपात हवाई लढाया चालल्या, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

वांकेलच्या इंजिनाचे तेलाशी असलेले नाते याहून गंभीर आहे. शेंगेच्या एकाच बाजूला प्रत्येक वेळी स्फोट होतो आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक वेळी थंड हवा येते. त्यामुळे कवचाचा एक अंग कायम भाजलेला आणि दुसरा निवांत. कवचाभोवती पाणी खेळवून हे सांभाळता येते. रोटरचे काय करायचे? तो चोहोबाजूंनी बंदिस्त, सतत फिरता आणि आगीच्या थेट तोंडावर असतो. त्याच्यापर्यंत पाणी नेता येत नाही. मॅझदासारख्या मोटारींच्या इंजिनांत मधल्या दांड्यातून तेल नेऊन पोकळ रोटरच्या पोटात फवारतात. डोलत्या गतीमुळे ते आत घुसळले जाते, उष्णता उचलते आणि बाहेर फेकले जाते. साध्या मोटारीत तेल हे प्रामुख्याने वंगण असते. येथे ते वंगण आहेच, शिवाय इंजिन थंड करण्याच्या कामाचा सुमारे एक तृतीयांश भार त्याच्यावर पडतो.

मोटारीत हे निभून जाते, कारण पूर्ण ताकद काही सेकंदच लागते. विमानाचे तसे नाही. धावपट्टी सोडल्यापासून उंची गाठेपर्यंत कित्येक मिनिटे इंजिन पूर्ण जोरावर असते, आणि नेमका तेव्हाच वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा अपुरा असतो. अमेरिकेत आणि अन्यत्र आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी मॅझदाचे दोन रोटरांचे, 1308 सीसीचे 13बी हे इंजिन विमानात बसवले, तेव्हा त्यांची खरी परीक्षा तेलाच्या तापमानाने घेतली. इंजिन उत्तम चालते, पण चढताना तापमापकाचा काटा लाल रेषेकडे सरकतो, हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांना आला. तेल शंभर अंश सेल्सिअसच्या आत ठेवण्याची त्यांची धडपड असते. त्याहून फार वर गेले तर रोटरमधल्या तेलरोधक कड्यांखालची रबरी वेटोळी कडक होतात, तेल जळणकक्षात झिरपते आणि मागे निळा धूर सुटतो.

उपाय तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची काही किंमत आहे. वाऱ्यावर तेल थंड करणारा कूलर हा सरळ मार्ग. पण तो नुसता वाऱ्यात टांगून भागत नाही. लहान तोंडातून हवा घ्यायची, हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीतून तिचा वेग उतरवून दाब वाढवायचा, मग ती जाळीतून न्यायची आणि मागे बाहेर पडायला मोकळी वाट ठेवायची, असे सारे जमवावे लागते. नळी एकदम रुंद केली तर हवा भिंतीपासून सुटून भोवरे घालते आणि अर्धी जाळी कोरडी राहते. कूलर दुप्पट मोठा घेऊनही काटा न हलण्याचे कारण बहुधा येथे सापडते. दुसरा मार्ग म्हणजे तेलाची उष्णता पाण्याला देणे. त्यात तेलाचा वेगळा कूलर लागत नाही आणि सकाळी थंड इंजिनातले तेल लवकर ऊबदार होते. मात्र पाण्याचा रेडिएटर त्या प्रमाणात मोठा करावा लागतो, आणि आतली एक भिंत फुटली तर तेल आणि पाणी एकत्र होण्याची भीती राहते. तिसऱ्या मार्गात तेलाला या कामातून सुट्टीच दिली जाते. जर्मनीच्या फिश्टेल आणि झाक्स कंपनीने आपल्या लहान इंजिनांत आत जाणारी ताजी हवाच आधी रोटरमधून नेली. इंजिन सुटसुटीत झाले, पण तापून विरळ झालेल्या हवेमुळे ताकद घटली. ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीने मोटारसायकलींसाठी याच वाटेने जाताना ती तापलेली हवा मध्ये निववून घेण्याची युक्ती केली. पुढे स्वयंचलित ग्लायडरसाठी केलेल्या इंजिनात रोटर थंड करणारी हवा वेगळी ठेवून धुराच्या झोतानेच ती ओढून घेतली जाऊ लागली. आपल्या मते साठ-सत्तर अश्वशक्तीपर्यंत हा तिसरा मार्ग शहाणपणाचा आहे. दीडशेच्या पुढे मात्र तेलाला पर्याय दिसत नाही.

ही चर्चा रायगडच्या किनाऱ्यावर आणून पाहिली तर तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. तेल 95 अंशांवर ठेवायचे आहे. लिंडाऊच्या 15 अंशांच्या हवेत तेल आणि वारा यांच्यात 80 अंशांचा फरक मिळतो. मे महिन्याच्या दुपारी अलिबाग किंवा मुरूडच्या पुळणीवर पारा 35 ला टेकला की तो फरक 60 वर येतो. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची तर बाकी सारे सारखे धरून कूलर सुमारे एक तृतीयांशाने मोठा हवा. त्यात खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या गंजतात, हे कोकणात पंख्याचे आणि एसीचे जाळे बदलणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. परदेशी नकाशा जसाच्या तसा उचलून येथे विमान बांधणे म्हणजे संकट ओढवून घेणे आहे. घरी विमान बांधणे ही आपल्याकडे अगदीच कविकल्पना नाही. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला 2017 मध्ये नोंदणी मिळालीच की! ते विमान साध्या पिस्टन इंजिनाचे होते.

वांकेलकडे परत येऊ. 1960 च्या जानेवारीत म्युनिकला त्याचे इंजिन अभियंत्यांपुढे मांडले गेले आणि जगभरच्या कंपन्यांनी परवान्यांसाठी रांग लावली. जपानच्या मॅझदाने 1961 मध्ये करार केला, डाइमलर-बेन्झ, रोल्स-रॉइस आणि शेवटी 1970 मध्ये जनरल मोटर्सही आली. 1967 मध्ये एनएसयूची आरओ 80 ही मोटार आली, 1968 साठी युरोपातली वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरली आणि तिनेच कंपनीला बुडवले. त्रिकोणाच्या टोकावरच्या पट्ट्या वेळेआधी झिजत, ग्राहक हमीच्या मुदतीत परत येत आणि कंपनी त्यांना नवी इंजिने बसवून देई. 1969 मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली. हिरोशिमात केनिची यामामोटो आणि त्यांच्या तुकडीने हाच प्रश्न निराळ्या चिकाटीने सोडवला. कवचाच्या आत पट्ट्यांनी उमटवलेल्या आडव्या ओरखड्यांना ते सैतानाची नखे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या पट्ट्यांनी ती नखे बोथट झाली आणि 1967 च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. वांकेलने आयुष्य घातलेली सीलची विद्या पूर्णत्वाला गेली ती अशी दुसऱ्यांच्या हातून, आपल्या देशापासून हजारो किलोमीटरवर.

1973 च्या तेलटंचाईने उरलेल्यांचा उत्साह मावळला. पोकळी लांबट आणि पातळ असल्याने इंधन पुरते जळत नाही, हा या इंजिनाचा जन्मजात दोष, आणि पेट्रोल महागताच तो डोळ्यांत भरला. जनरल मोटर्सने बेत गुंडाळला. वांकेलचे स्वतःचे मात्र भले झाले होते. 1969 मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली, 1970 मध्ये पश्चिम जर्मनीचा नागरी सन्मान मिळाला आणि 1971 मध्ये त्याने आपली कंपनी ब्रिटनच्या लॉनरो उद्योगाला दहा कोटी मार्कांना विकली. शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस कोट्यधीश झाला. पैशाचा एक वाटा त्याने प्राण्यांसाठी ठेवला. प्रयोगशाळांत प्राण्यांचा छळ टाळणाऱ्या संशोधनाला त्याच्या नावाचे पारितोषिक 1972 पासून सुरू झाले. माणसांच्या बाबतीत त्याच्या तरुणपणी ही कणव कोठे होती, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला तर तो वावगा नाही. त्याचे उत्तर त्याच्या चरित्रात सापडत नाही.

उतारवयात त्याचे मन बोटींत रमले. बोडन सरोवरावर त्याने झिश नावाच्या वेगवान नौकांचे प्रयोग बरीच वर्षे केले. बुडू नये, उलटू नये आणि तरीही लाटांवरून बाणासारखी जावी अशी नौका त्याला हवी होती. मान्सूनच्या तोंडावर मांडव्याच्या खाडीत ज्यांच्या पोटात ढवळून आले आहे, त्यांना त्याची तळमळ कळेल. त्या नौका बाजारात रुजल्या नाहीत. 9 ऑक्टोबर 1988 रोजी हायडेलबर्गमध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर त्याचे निधन झाले आणि तेथल्याच टेकडीवरच्या दफनभूमीत त्याला विसावा मिळाला. मॅझदाच्या चार रोटरांच्या 787बी या गाडीने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती 1991 मध्ये, त्याच्यामागे तीन वर्षांनी.

मोटारींच्या रस्त्यावरून हे इंजिन पुढे बरेच मागे हटले. मॅझदाची आरएक्स-8 2012 पर्यंत निघत होती. 2023 मध्ये याच कंपनीने विजेच्या गाडीत बॅटरी भरणारे यंत्र म्हणून एक रोटर पुन्हा बसवला. आकाशात मात्र त्याला हक्काची जागा सापडली आहे ती मानवरहित विमानांत. तेथे वजनाचा ग्रॅमही मोलाचा असतो आणि कॅमेऱ्याला हादरे चालत नाहीत. त्या वाटेवर महाराष्ट्राचेही एक पाऊल आहे. भारतीय सैन्यासाठी बनवलेल्या निशांत या मानवरहित विमानाला आधी परदेशी वांकेल इंजिन होते. बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, तेथलीच वैमानिकी विकास आस्थापना आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर येथील वाहन संशोधन आणि विकास आस्थापना या तिघांनी मिळून 55 अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन घडवले. कवचाच्या आतल्या अंगाला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला, तो सैतानाच्या त्याच नखांपासून बचाव म्हणून. 5 एप्रिल 2009 रोजी कर्नाटकातील कोलार येथे ते इंजिन बसवलेले निशांत आकाशात झेपावले. त्या विमानाची सैन्यातली कारकीर्द फार लांबली नाही. पण दोन दाण्यांच्या शेंगेतला तो त्रिकोण कसा घडवायचा, कसा लेपायचा आणि कसा थंड ठेवायचा, हे नगरच्या आणि बंगळुरूच्या अभियंत्यांनी स्वतःच्या हाताने एकदा करून पाहिले आहे.